कवितेचा छोटा अंक

कवितेला वाहिलेले छोटे नियतकालिक बहुधा एक माणूस चालवतो, फार तर दोघे-तिघे मित्र मिळून, पदरचे पैसे घालून. त्यामागे प्रकाशनसंस्था नसते, पगारी संपादक नसतो आणि कार्यालयाचा पत्ता म्हणून संपादकाच्या घराचाच पत्ता छापलेला असतो. प्रती काही शे निघतात. वर्षाला चार अंक जाहीर होतात, त्यांतले दोन पुष्कळदा जोडअंक म्हणून येतात. रेल्वे स्टेशनावरच्या स्टॉलवर असा अंक दिसत नाही आणि दिवाळी अंकांच्या ढिगातही तो सहज हाती लागत नाही. तरीही गेल्या सव्वाशे वर्षांत मराठी कवितेने जी वळणे घेतली, त्यांतली बरीचशी आधी अशाच अंकांच्या पानांवर उमटली आहेत. या अंकांना लिहिणारे आणि त्यांची वर्गणी भरणारे बहुतांशी एकाच वर्तुळातले असतात, आणि त्यांचा सगळा व्यवहार यावरच उभा असतो. त्यामुळे कवितेचे नियतकालिक शोधणे, वाचणे आणि त्यात लिहिणे यांचा एकत्र विचार करावा लागतो.

मराठीत ही परंपरा जळगावपासून सुरू होते. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये तिथे ‘काव्यरत्नावली’ हे मासिक काढले. त्यात फक्त कविता छापल्या जात. पुणे-मुंबईच्या बाहेर, खानदेशातल्या एका गावात, केवळ कवितेचे मासिक काढून ते जवळपास अर्धशतक चालवणे ही आजही थक्क करणारी गोष्ट आहे. तेव्हा कवितासंग्रह काढणे खर्चाचे होते आणि तो विकत घेणारा वाचकवर्ग नुकता कुठे घडत होता. कवीला आपली रचना लोकांपर्यंत पोचवायची तर मासिक हाच खात्रीचा मार्ग होता. केशवसुतांच्या कविता ‘काव्यरत्नावली’सारख्या मासिकांतून येत राहिल्या. १९०५ मध्ये ते वारले तोवर त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. हरि नारायण आपटे यांनी त्यांची कविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली ती १९१७ मध्ये. आधुनिक मराठी कवितेचा प्रवर्तक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या कवीचे हयातीतले सगळे काव्यजीवन मासिकांच्या पानांवर गेले, हे लक्षात घेतले म्हणजे या पानांचे मोल कळते.

याच जळगावात १९०७ मध्ये कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कीर्तिकर होते. धरणगावच्या एका किशोरवयीन मुलाने तिथे कविता म्हटली आणि तो ‘बालकवी’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्याचे नाव पुढे मागेच पडले. मासिक आणि संमेलन एकाच गावात व्हावे हा योगायोग नव्हता. जिथे कवितेचा अंक नेमाने निघतो तिथे कविता वाचणारी माणसे जमतात, आणि नवा कवी आधी त्यांच्याच नजरेत भरतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कविता मोठ्या वाङ्मयीन मासिकांत गेली. मासिकाला वजन आले की त्याची आवडही ठरून जाते, आणि मग त्या आवडीत न बसणाऱ्यांना दुसरी जागा शोधावी लागते. १९४३ मध्ये बडोद्याहून पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी ‘अभिरुची’ सुरू केले, आणि मर्ढेकरांच्या नव्या, अनेकांना न पचणाऱ्या कवितेला त्या मासिकाने जागा दिली. पुढे नवकवितेचे आणि नवकथेचे प्रमुख व्यासपीठ ‘सत्यकथा’ झाले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची संपादकीय नजर कडक होती आणि त्या कडकपणाचा मराठी साहित्याला फार मोठा लाभ झाला. पण साठच्या दशकात लिहू लागलेल्या पिढीला त्या नजरेतही एक साचा दिसू लागला. आपली भाषा, आपले शहर, आपली जात, आपले शरीर या साच्यात मावत नाही, असे तिला वाटत होते.

त्या पिढीची वाट ‘शब्द’ने आधीच दाखवली होती. १९५० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी हा अंक काढला. चित्रे हे ‘अभिरुची’च्या संपादकांचे चिरंजीव आणि तेव्हा त्यांनी विशीही गाठलेली नव्हती. अंक सायक्लोस्टाइल केलेला होता. हे तंत्र आज कुणी वापरत नाही, पण त्या काळी अंक काढणे कशामुळे शक्य झाले ते कळण्यासाठी ते नीट पाहायला हवे. मेणाचा पातळ लेप दिलेला स्टेन्सिलचा कागद घ्यायचा. त्यावर बोथट टोकाच्या लोखंडी लेखणीने लिहायचे किंवा रिबन बाजूला सारून टाइपरायटरने टंकायचे. जिथे दाब पडेल तिथला लेप निघून जातो. तो कागद शाईच्या रुळावर चढवून हँडल फिरवले, की उघड्या झालेल्या रेघांतून शाई झिरपून खालच्या कोऱ्या कागदावर अक्षर उमटते. एका स्टेन्सिलवर काही शे प्रती निघतात, पुढे तो फाटू लागतो. मग पाने क्रमाने लावायची, कडेला पिना मारायच्या आणि अंक तयार. छापखाना नको, खिळे जुळवणारा कंपोझिटर नको, प्रेसच्या मालकाची उधारी नको. एक रिम कागद, शाईची नळी आणि कुणाच्या तरी ऑफिसातले यंत्र संध्याकाळपुरते मिळाले की काम होई. देवनागरी टाइपरायटर सगळ्यांकडे नसत, म्हणून अनेक अंक हातानेच लिहिले जात आणि वाचकापर्यंत कविता संपादकाच्याच हस्ताक्षरात पोचे.

पुढल्या दहा-पंधरा वर्षांत अशा अंकांची रांगच लागली. अशोक शहाणे यांनी १९६३ मध्ये ‘असो’ काढले. भालचंद्र नेमाडे यांच्या नावाशी जोडलेले ‘वाचा’ आले, रमेश पानसे यांचे ‘ऋचा’ आले. सतीश काळसेकर, राजा ढाले, तुळसी परब ही मंडळी ‘फक्त’, ‘येरू’, ‘चक्रवर्ती’ अशा अंकांभोवती जमली. त्यांना लघुअनियतकालिके म्हणत, आणि ठरलेल्या तारखेला न निघण्याबद्दल त्यांच्या संपादकांना मुळीच संकोच नव्हता. मजकूर जमला आणि पैसे जमले की अंक निघे. दोन-तीन अंकांनंतर तो बंद पडला तरी तीच माणसे दुसऱ्या नावाने नवा अंक काढत. ‘सत्यकथे’वर राजा ढाले यांनी केलेली घणाघाती टीकाही अनियतकालिकातूनच आली. मोठ्या मासिकाला उत्तर द्यायला मोठेच मासिक लागते असे नाही, हे त्या पिढीने दाखवून दिले.

या अंकांनी काय दिले ते पुढच्या पुस्तकांवरून मोजता येते. नेमाडे यांचे ‘मेलडी’ १९७० मध्ये, काळसेकर यांचे ‘इंद्रियोपनिषद्’ १९७१ मध्ये, नामदेव ढसाळ यांचे ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आले. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हे पुस्तक शहाणे यांच्याच प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये काढले. ‘शब्द’पासून मोजले तर मध्ये वीस वर्षांहून अधिक काळ गेला होता. एवढा काळ या कवीची मराठी कविता वाचकांच्या नजरेसमोर राहिली ती मुख्यतः नियतकालिकांमुळे. या चळवळीची एक मोठी उणीव मात्र सांगायलाच हवी. तिच्यात स्त्रिया फार थोड्या होत्या. प्रस्थापितांविरुद्ध उभी राहिलेली ही वर्तुळे स्वतः बव्हंशी पुरुषांचीच राहिली, आणि मराठी कवयित्रींना आपली जागा पुढे वेगळ्या वाटांनी मिळवावी लागली.

याच सुमारास औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी १९६७ मध्ये ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक उभे केले. ते केवळ कवितेचे नव्हते आणि अनियतही नव्हते. दलित साहित्यातल्या अनेक लेखक-कवींना पहिली हक्काची जागा तिथे मिळाली, आणि त्यामागेही एका संपादकाचे आयुष्यभराचे कष्ट होते. मुंबईतले अंक दोन वर्षांत विझत असताना ‘अस्मितादर्श’ दशकानुदशके निघत राहिले. अनियतकालिकांचा आवेश पुष्कळांना आठवतो, पण या चिकाटीचा उल्लेख त्या मानाने कमी होतो, आणि ते योग्य नाही.

पुन्हा खानदेशाकडे यावे लागते. १९८५ मध्ये पुरुषोत्तम पाटील यांनी धुळ्याहून ‘कविता-रती’ सुरू केले. हे द्वैमासिक कविता आणि कवितेची समीक्षा यांनाच वाहिलेले होते. नवोदिताची कविता आणि बुजुर्गाची कविता तिथे शेजारी शेजारी छापली जाई, आणि कवींवरचे विशेषांक अभ्यासकांना संदर्भ म्हणून आजही लागतात. १९९० च्या दशकात हेमंत दिवटे यांचे ‘अभिधानंतर’ आणि त्याबरोबर ‘शब्दवेध’, ‘सौष्ठव’ असे अंक निघाले. जागतिकीकरणानंतरच्या शहराची, मॉलची, पडद्यांची, कर्जाच्या हप्त्यांची कविता या अंकांतून आली. ‘अभिधानंतर’ सुमारे पंधरा वर्षे चालले. पुण्याहून मंगेश नारायणराव काळे यांचे ‘खेळ’ आणि सावंतवाडीहून प्रवीण बांदेकर यांचे ‘नवाक्षर दर्शन’ ही नावेही याच ओळीतली. गावांची यादी पाहिली तर जळगाव, धुळे, औरंगाबाद, सावंतवाडी, बडोदे. कवितेच्या नियतकालिकाला राजधानी लागत नाही.

एवढे सगळे पैशांच्या आघाडीवर कसे चालते हे एका कल्पित हिशेबावरून समजेल. समजा, वर्षाला चार अंक आहेत आणि प्रत्येकाच्या ३५० प्रती निघतात. कागद, छपाई, बांधणी आणि टपाल मिळून प्रतीमागे ५५ रुपये पडतात. म्हणजे वर्षाचा खर्च ७७,००० रुपये. वर्गणी २०० रुपये आणि वर्गणीदार २५० धरले तर जमा ५०,०००. राहिलेले २७,००० जाहिरातीतून, देणगीतून किंवा संपादकाच्या खिशातून यायचे. उरलेल्या शंभर प्रतींतल्या काही कवींना भेट जातात, काही अभिप्रायासाठी, काही इतर नियतकालिकांना अदलाबदलीत. पन्नास वर्गणीदारांनी नूतनीकरण केले नाही तर तूट एकदम १०,००० रुपयांनी वाढते. म्हणूनच आजीव वर्गणीची योजना दुधारी ठरते. एकदम रक्कम हाती येते, पण पुढची कित्येक वर्षे त्या सभासदाला पदरमोड करून अंक पाठवावा लागतो. कवीला मानधन मिळत नाही ते याच कारणाने, आणि मानधन मिळत नाही म्हणून अंकाला कमी लेखण्याचे कारण नाही.

असे अंक शोधायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. सर्वांत चांगली खूण कवितासंग्रहांतच असते. संग्रहाच्या सुरुवातीला किंवा शेवटी कवी पूर्वप्रसिद्धीचा उल्लेख करतो आणि कुठकुठल्या नियतकालिकांत या कविता आल्या ते सांगतो. आवडलेल्या तीन-चार कवींच्या संग्रहांतली ही टीप ताडून पाहिली तर दोन-तीन नावे हमखास समान निघतात. त्या कवितेला जागा देणारे अंक तेच. दुसरी खूण खुद्द अंकांच्या पानांत असते. छोटी नियतकालिके एकमेकांची पोच छापतात, एकमेकांच्या विशेषांकांची जाहिरात विनामूल्य देतात. एक अंक हाती आला की बाकीच्यांचे पत्ते त्यातच मिळतात. शिवाय १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे-पत्ते छापणे बंधनकारक केले होते. त्यामुळे जुन्या छापील अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात ती ओळ बहुधा सापडते. नियतकालिक कुठल्या गावातल्या कुठल्या प्रेसमध्ये छापले जात होते हे तिच्यावरून कळते. सायक्लोस्टाइल अंकांत पुष्कळदा हीही ओळ नसते आणि मग हस्ताक्षर ओळखणाऱ्या माणसाला गाठावे लागते.

ग्रंथालयांपैकी ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. जुन्या नियतकालिकांसाठी अशा संस्थांकडे आधी जावे. गावच्या सार्वजनिक वाचनालयात खपाची मासिके आणि दैनिके असतात, छोटे अंक क्वचित. पण ग्रंथपालाला विचारले तर एखाद्या स्थानिक कवीने भेट दिलेला गठ्ठा कपाटावरून खाली येतो, असे अनेकदा घडते. महाविद्यालयांचे मराठी विभाग आणि साहित्य संमेलनातले ग्रंथप्रदर्शन ही आणखी दोन ठिकाणे. प्रदर्शनात संपादक बहुधा स्वतःच गाळ्यावर बसलेला असतो. मागचे अंक तिथे अर्ध्या किमतीत मिळतात आणि त्याच्याशी बोलताही येते.

अंक सापडल्यावर त्याचे निदान तीन-चार मागचे अंक सलग वाचायला हवेत. संपादकाची निवड एका अंकावरून कळत नाही. तो छंदोबद्ध रचना घेतो की मुक्तछंद, दीर्घकविता छापतो की एका पानाला दोन कविता बसवतो, बोलीतली कविता घेतो का, गझलेला जागा देतो का, एका कवीच्या चार-पाच कविता एकत्र देतो की एकेक, हे सगळे पानांवर दिसत असते. कवितेबरोबर छापलेली परीक्षणे आणि संपादकीय यांतून तो कशावर नाराज आहे तेही समजते. वाचता वाचता वर्गणी भरली जावी हे ओघाने आलेच. आपली कविता ज्यांनी वाचावी असे वाटते, त्यांची कविता आपण वाचलेली असणे ही छोट्या अंकातली पहिली शिस्त आहे. ती कुठे लिहिलेली नसते. संपादकाला मात्र कवीच्या पहिल्याच पत्रातून ती आहे की नाही ते कळते.

पाठवण्याची पद्धत पूर्वी ठरलेली होती. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, सुवाच्य अक्षरात कविता लिहायची, प्रत्येक पानावर नाव-पत्ता घालायचा आणि सोबत तिकीट लावलेले परतीचे पाकीट जोडायचे. पाकीट नसेल तर नापसंत कविता परत येत नसे. आता ई-मेल आहे, पण नियमांचा गाभा तोच. चार-पाच कविता एका वेळी पुरेशा होतात. त्या युनिकोड देवनागरीत टंकलेल्या असाव्यात. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केले की वेलांटी एका अक्षराने सरकते, रफार हरवतो, जोडाक्षर फुटते, आणि कवितेत एवढी एक चूक अर्थ बदलायला पुरते. म्हणून टंकलेल्या फाइलबरोबर तिची पीडीएफही जोडावी, म्हणजे मूळ रचना कशी दिसायला हवी ते संपादकाला पडताळता येते. पत्र चार ओळींचे असावे. कविता समजावून सांगणारे पत्र तिला मदत करत नाही.

एकच कविता एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. वर्तुळ लहान असते, वाचक तेच असतात, आणि एकाच महिन्यात दोन अंकांत तीच कविता आली तर दोन्ही संपादक अडचणीत येतात. समाजमाध्यमावर टाकलेली कविता काही संपादक प्रसिद्ध झालेली मानतात, काही मानत नाहीत. आधी विचारून घ्यावे. दिवाळी अंकाचे साहित्य पावसाळ्यातच गोळा होऊ लागते, तेव्हा नवरात्रात पाठवलेली कविता त्या अंकासाठी उशिराची असते. आणि आपल्याजवळ प्रत हवीच. कोलटकरांनी ‘जेजुरी’ या आपल्या इंग्रजी कवितामालिकेचा पहिला खर्डा एका छोट्या अंकाकडे दिला होता आणि तो तिथे गहाळ झाला. ती मालिका त्यांना पुन्हा लिहावी लागली. पुढे ती १९७४ मध्ये ‘ओपिनियन लिटररी क्वार्टरली’ या नियतकालिकात छापून आली. तिचे पुस्तक १९७६ मध्ये क्लिअरिंग हाउसने काढले. कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मिळून चालवलेले हे प्रकाशन होते, आणि ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला तो १९७७ मध्ये. म्हणजे इंग्रजीतही या कवितेचा मार्ग छोट्या अंकातून आणि कवींच्याच सहकारातून गेला.

उत्तराला वेळ लागतो. संपादक दिवसभर नोकरी करून रात्री कविता वाचत असतो. तीन महिन्यांनी एक आठवण करणारे पत्र पाठवायला हरकत नसते. नकार बहुधा दोन ओळींचा येतो. त्यात एखादी कविता ठेवून घेतली आणि बाकीच्यांबद्दल काही लिहिले असेल, तर ते लिहिणे सहज आलेले नसते. कामाच्या रगाड्यातून वेळ काढून संपादकाने ते लिहिलेले असते, आणि मानधनाच्या जागी कवीला मिळणारी खरी गोष्ट हीच आहे. कुणीतरी आपली ओळन् ओळ वाचली. वृत्तपत्राच्या पुरवणीत छापून आलेल्या कवितेला हे भाग्य सहसा लाभत नाही.

कविता स्वीकारली गेली की मुद्रित तपासण्याची पाळी येते आणि इथे कवीने आळस करू नये. गद्यात ओळ कुठेही मोडली तरी बिघडत नाही, कवितेत ती मोडण्याची जागाच कवीने ठरवलेली असते. अडचण लांब ओळीची होते. पानाची रुंदी पुरत नाही म्हणून शेवटचे दोन शब्द खाली उतरतात. ते समासाला लागून आले तर वाचकाला ती नवी ओळ वाटते आणि लय बिघडते. म्हणून उतरलेले शब्द आत सरकवून घ्यावे लागतात आणि तशी सूचना मुद्रितावर स्पष्ट लिहावी लागते. दुसरी नेहमीची गफलत कडव्यांची. पान संपते तिथेच कडवे संपत असेल तर पुढच्या पानावर नवे कडवे सुरू होते की तेच चालू आहे, हे वाचकाला कळत नाही. चांगला संपादक अशा वेळी पान एका ओळीने वर-खाली करतो. अनुस्वार, अवतरणचिन्हे, मुद्दाम अशुद्ध ठेवलेला बोलीतला शब्द हे सगळे मुद्रितातच सांगायचे. टंकणाऱ्याने ‘व्हतं’चे ‘होतं’ केले तर त्याने आपल्या परीने शुद्धलेखनच केलेले असते.

हक्कांबाबत नव्या कवींच्या मनात विनाकारण भीती असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवितेचा हक्क कवीचा असतो आणि तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तसे लेखी आणि सहीनिशी करावे लागते. त्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. अंकात कविता छापून आली एवढ्याने हक्क संपादकाकडे जात नाही, आणि पुढे संग्रह काढताना कवीला त्याची मोकळीक असते. संग्रहात त्या नियतकालिकाचा ऋणनिर्देश करणे ही मात्र जुनी आणि पाळण्यासारखी रीत आहे. नव्या वाचकाला अंकाचा पत्ता त्याच टिपेतून लागतो.

सहभाग फक्त कवितेचाच असतो असेही नाही. छोट्या अंकाला परीक्षणे लिहिणारे कमी पडतात. नव्या संग्रहावर नीट वाचून लिहिलेली दोन पाने संपादकाला पाचव्या-सहाव्या कवितेपेक्षा अधिक हवी असतात. भाषांतर हे दुसरे क्षेत्र. हिंदी, गुजराती, कन्नड, बंगाली येणाऱ्या मराठी माणसांनी थेट मूळ भाषेतून केलेल्या अनुवादांना या अंकांत मानाने जागा मिळत आली आहे. अशोक शहाणे यांचे बंगालीशी असलेले नाते हे त्याचे ठळक उदाहरण. हयात कवीच्या भाषांतराला परवानगी लागते आणि ती अनुवादकाने आधीच घेऊन ठेवावी. याशिवाय मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, पाकिटांवर पत्ते लिहिणे, आपल्या गावात दहा वर्गणीदार मिळवणे, ही कामे अंक जिवंत ठेवतात. साठच्या दशकातल्या अंकांत कविता लिहिणारा आणि पिना मारणारा एकच असे.

अंक बंदही पडतात. संपादक थकतो, टपालखर्च वाढतो, मित्र पांगतात. बंद पडलेल्या अंकांचे पुढे काय होते, याकडे मराठीत फार दुर्लक्ष झाले आहे. सायक्लोस्टाइलचा कागद हलका असतो, तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो, पिना गंजून पाने डागाळतात. अंजली नेर्लेकर यांनी कोलटकर आणि त्या काळातल्या द्विभाषिक मुंबईवर २०१६ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या कवींची कागदपत्रे आणि छोटी नियतकालिके अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जतन झाली. इकडे अजून कितीतरी संच घरांत पडून आहेत आणि घर बदलताना रद्दीत जातात. ज्याच्याकडे असे अंक असतील त्याने आधी गंजलेल्या पिना काढाव्यात, पाने क्रमाने लावून कोरड्या जागी सपाट ठेवावीत, अंकांची नावे, क्रमांक आणि कवींची सूची करावी आणि संच मोडता न देता नियतकालिके जपणाऱ्या एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाला त्या सूचीसह द्यावा. सूची असली की मधला कोणता अंक नाही ते लगेच कळते, आणि तो दुसऱ्या कुणाकडून मिळवता येतो.